दादाच्या रजेतला वादविवाद

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आपलं सैन्य श्रीलंकेत होतं आणि पंजाबातल्या गोळीबाराच्या बातम्या रोज रेडिओवर यायच्या. माझा दादा निमलष्करी दलात होता, पंजाबात. घरी नाशिकरोडला आम्ही चौघं मोठी माणसं, म्हणजे आई, बाबा, वहिनी आणि मी, शिवाय दादाची नुकती चालायला लागलेली मुलगी. बाबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते. बातम्या लागल्या की ते आवाज बारीक करायचे. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायची, "राहू द्या मोठा, ऐकू येत नाही."

त्या हिवाळ्यात सिन्नरच्या कॉलेजात आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा होती. विषय असा: 'बाहेरच्या लढाया आणि आतला दहशतवादाचा बंदोबस्त यांवरचा खर्च देशाला परवडणारा नाही.' मला विषयाच्या बाजूनं बोलायचं होतं. मी वाचनालयात बसून चांगलं खणखणीत भाषण तयार केलं, आणि नेमका त्याच आठवड्यात दादा रजेवर आला.

मुलगी त्याच्याकडे जाईना. त्यानं हात पुढं केले की वहिनीच्या पदरात तोंड लपवायची. तो हसून सोडून द्यायचा, पण मग उगाच अंगणात जाऊन उभा राहायचा.

मी भाषणाचा सराव करतेय हे कळल्यावर तो खूश झाला. जेवणं झाल्यावर भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "मी सरकार. विचार काय विचारायचं ते."

मी जोरात सुरुवात केली. "एवढ्या पैशात किती गावांना नळ आले असते?"

"आले असते. पण नळावर जायला बाई घराबाहेर तर पडली पाहिजे ना? तिथं दिवेलागणीच्या आत गावं दारं लावून बसतात."

"आणि श्रीलंका? ते काय आपलं घर आहे?"

"तिथलं मला माहीत नाही, त्यामुळं बोलत नाही. मी पाहिलं तेवढं सांगतो." मग त्यानं सांगितलं. एका खेड्यात लग्नाच्या बंदोबस्ताला त्यांची तुकडी गेली होती. मुलीच्या बापाला धमकी आली होती. वऱ्हाडी भेदरलेले, बँड नाही, आणि मांडवाभोवती हे बंदुका घेऊन उभे. बाप दर थोड्या वेळानं यायचा, हात जोडायचा, म्हणायचा, माझ्यामुळं तुम्ही उपाशी उभे आहात. "मुलगी सुखरूप सासरी गेली. त्या दिवशी मला आपल्यावरचा खर्च फुकट गेला असं वाटलं नाही," दादा म्हणाला.

वहिनी भांडी पुसत होती. वर न बघता ती म्हणाली, "त्यांच्या मुलीच्या लग्नाला तुम्ही होतात. आपल्या मुलीच्या बारशाला नव्हतात. ते सरकार कुठल्या खात्यात मांडतं?"

दादा उठला आणि तिच्याजवळ बसून ताटं पुसू लागला. बाबांनी मला खुणेनंच पुस्तकं आवरायला सांगितली.

स्पर्धेच्या सकाळी माझ्या साडीच्या निऱ्या धरताना वहिनी म्हणाली, "ताई, माझं ते बारशाचं तिथं बोलू नका हं. ते मी यांना म्हटलं होतं, लोकांना नाही."

दादा माझ्याबरोबर एसटीनं सिन्नरला आला आणि मागच्या बाकावर बसला. माझ्या विरोधात बोलणारी मुलगी तयारीची होती. शेवटी ती म्हणाली, "सीमेवर रक्त सांडणाऱ्याला तुम्ही खर्च विचारता?" टाळ्यांनी सभागृह दणाणलं. उत्तराची वेळ माझी होती. वहिनीचं वाक्य जिभेवर आलं होतं. ते बोलले असते तर त्याहून मोठ्या टाळ्या पडल्या असत्या. मी ते गिळलं. म्हणाले, "संरक्षण नको असं मी म्हणत नाही. माझ्या घरचं माणूस तिथं आहे. म्हणूनच विचारते, त्याला तिथं किती दिवस ठेवणार, कशासाठी ठेवणार, आणि ते थांबावं म्हणून बंदुकीशिवाय दुसरं काय करणार?" वेळ संपल्याची घंटा झाली.

माझा नंबर आला नाही. मी अर्धी बाजू सोडून दिली, असं एका परीक्षकांनी नंतर सांगितलं. त्यांचं खरंच होतं.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. दादानं भुईमुगाच्या शेंगांची पुडी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, "विचारत जा. सरकार झालो होतो म्हणून तिकडून बोललो. कुणी विचारलंच नाही, तर आम्हाला तिथं उभं करून विसरून जातील."

रजा संपायच्या आदल्या दिवशी मुलगी त्याच्या खांद्यावर झोपली. तो सबंध दुपार हालला नाही. चहासुद्धा डाव्या हातानं प्यायला.

तो गेल्यावर वहिनी रोज पेपर वाचायला लागली. आधी पंजाबच्या बातम्या, मग संसदेत कुणी काय विचारलं ते. पुढं अर्थसंकल्पही वाचू लागली, न कळलेलं बाबांना विचारू लागली. आमचा वाद व्हायचा तेव्हा सरकारची बाजू बहुतेक वेळा तीच घ्यायची आणि मला चांगलीच अडवायची. दादाची बदली पुण्याला झाली, ते तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेही अशाच एका भांडणाच्या मध्यात, माझं वाक्य तोडून.