आजोबांची तोंडी परीक्षा

फोनवर तुम्ही दोघं नातवंडं दर वेळी विचारता, आजोबांना नेमकं काय झालं होतं. आणि दर वेळी आजोबा माझ्या हातून फोन घेऊन सांगतात, "काही नाही, परीक्षा होती, पास झालो." म्हणून आता सगळं क्रमाने लिहून ठेवते. मला क्रम लागतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. माझ्या मिसळणाच्या डब्यात हळदीने कधी जागा बदललेली नाही.

सकाळी चहा पिताना आजोबांच्या उजव्या हातातला कप कलंडला. नीट धरा, असं मी म्हटलं. त्यावर ते काहीतरी बोलले, पण गालात सुपारी ठेवून बोलावं तसं. गालात सुपारी नव्हती. मी लगेच शेजारची रिक्षा बोलावली आणि रेवदंड्याहून थेट अलिबागचं एक इस्पितळ गाठलं. माझ्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला आहेत, हे तिथे पोचल्यावर दिसलं.

तिथली डॉक्टर तरुण होती, नागपूरकडची. तिने आधी डोक्याचा साधा स्कॅन काढला. मेंदूत रक्तस्राव नव्हता, म्हणजे पक्षाघात रक्ताच्या गुठळीमुळे होता आणि ती विरघळवणारं इंजेक्शन देता येणार होतं. नर्स त्या तयारीला लागली. पण गुठळी मोठ्या रक्तवाहिनीत अडकली असेल, तर नुसत्या इंजेक्शनवर भागत नाही, पेशंटला ताबडतोब मुंबईला हलवावं लागतं. ते पाहायचं तर शिरेतून डाय, म्हणजे स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून देतात ते औषध, सोडून पुन्हा स्कॅन करायचा. आणि डायचाच तुटवडा होता. माल रोज उद्या येणार होता. कपाटात दोन बाटल्या उरल्या होत्या. ज्या माणसाने जन्मात केसांना कलप लावला नाही, त्याला डोक्याच्या आत डाय लागायची वेळ आली होती आणि तो मिळत नव्हता.

"आजी, ज्यांना खरंच लागेल त्यांच्यासाठी त्या ठेवल्यात," डॉक्टर म्हणाली. "हातात जोर बराच आहे. आता बोलणं तपासते. शब्द हरवले असतील, तर गुठळी मोठ्या वाहिनीत असायची शक्यता, मग बाटली फोडते आणि मुंबईला फोन लावते. तुम्ही मात्र काही सुचवायचं नाही."

मी जन्मभर शाळेत इंग्रजीच्या तोंडी परीक्षा घेतल्या आणि सुचवणाऱ्यांना वर्गाबाहेर काढलं. आता मीच ओठ मिटून भिंतीला टेकले.

तिने चित्रांचा एक कागद काढला. पहिलं चित्र चावीचं. "चावी," आजोबा म्हणाले. जीभ जड होती, पण उत्तर बरोबर. पुढच्या चित्रात दोन झाडांना बांधलेली झोळी होती, परदेशातले लोक बागेत पडून राहतात तसली.

"जाळं," आजोबा म्हणाले.

डॉक्टरने कागदावर खूण केली. आजोबा नाराजीने पुढे म्हणाले, असं वाळवत नाहीत. तिला काही कळलं नाही. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली वाळत घातलेली जाळी रोज फिरायला जाताना बघणाऱ्या मला कळलं, पण मला बोलायची बंदी होती. मग हातमोजा आला. आजोबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "हात," ते म्हणाले. मग मान हलवली, "हात नव्हे."

डॉक्टरने कपाटाकडे पाहिलं, मीही पाहिलं. ती बाटली मला हवी होती, कारण काय आहे ते एकदाचं कळलं असतं. आणि नको होती, कारण ती फोडली म्हणजे यांचे शब्द गेले.

शेवटचं चित्र स्वयंपाकघराचं होतं. एक बाई ताटल्या पुसते आहे, मागे सिंक भरून पाणी जमिनीवर सांडतंय.

"इथे काय चाललंय, आजोबा?"

त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाणी वाया चाललंय," ते सावकाश म्हणाले. "ही बाई आमच्या घरातली नव्हे. आमची असती तर आधी नळ बंद केला असता, आणि मग मला विचारलं असतं, उघडा कोणी टाकला."

डॉक्टरला हसू आवरेना. ती म्हणाली, शब्द सगळे जागेवर आहेत. तिने आजोबांना इंजेक्शन दिलं आणि बाटली कपाटातच राहिली. दुपारी एका कोळीणबाईंना आणलं. त्यांच्या तोंडून एकही शब्द फुटत नव्हता आणि नजर एकाच बाजूला लागली होती. त्यांच्यासाठी ती बाटली फोडली आणि लगेच त्यांची अँब्युलन्स मुंबईला निघाली.

हातमोज्याबद्दल आजोबांचं म्हणणं असं, की तो प्रश्नच अभ्यासक्रमाबाहेरचा होता. रेवदंड्यात हातमोजे घालतो कोण? हात बराच सुधारलाय, फक्त अडकित्ता अजून निसटतो.

आता मी रोज सकाळी मोरीतला नळ मुद्दाम जरासा उघडा टाकते आणि कान देऊन उभी राहते. पडवीतून आवाज येतो, "अगं, नळ चालू राहिलाय." वाक्य पूर्ण, उच्चार स्वच्छ. मग मी तो बंद करते.

रोज नळ विसरणाऱ्या बायकोबद्दल त्यांनी काय अर्थ काढला असेल? परवा कागदावर एक चित्र काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं आणि अगदी त्या डॉक्टरच्या सुरात विचारलं, "हे काय आहे, आजी?"

चावी होती. तिचे दात जरा वाकडे आले होते, पण उजव्या हाताने काढलेले होते.