सगुण गावसाचं उलटं गाऱ्हाणं

कोरगावच्या सगुण गावसाला बापाकडून दोन गोष्टी मिळाल्या होत्या: नाकावरचा राग आणि देवळात गाऱ्हाणं घालायचा मान. राग त्याने मनसोक्त वापरला. डिचोलीच्या खाणींवर तीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवला, तेवढ्यात निम्म्या मुकादमांशी त्याचं वाजलं. त्याच्या ट्रकचे ब्रेक वेळेवर लागत, जिभेचे नाहीत, असं लोक म्हणत.

मान मात्र त्याने जिवापाड जपला. गाव देवासमोर हात जोडून उभा राहिला की गावाच्या वतीने बोलायचं ते सगुणने. एकेक मागणं संपलं की जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. तो होकार मिळाला की मागणं एकट्या सगुणचं राहत नसे, साऱ्या गावाचं होई. म्हणून तर बापाने मरताना बजावलं होतं, "गावाच्या तोंडान कोणाचा वायट मागू नको."

सत्तरी उलटेपर्यंत त्याने ते पाळलं.

खाणी बंद पडल्यावर त्याचा मुलगा शंभू, तोही ट्रकवालाच, एजंटाला धरून पोलंडला गेला. युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा तो सरहद्दीपासून तासाभराच्या अंतरावर धान्याचा ट्रक चालवत होता. आमच्या भागात किरणोत्सर्गावरच्या गोळ्या आणून ठेवल्यात, असं त्याने एकदा फोनवर सहज सांगितलं आणि त्याच्या आईचं, चंद्रावतीचं, अन्नावरचं मनच उडालं.

तिने हे बोलावं तरी कोणाशी? मागच्या खोलीत चार वर्षं भाड्याने राहत होती ती लुदमिला, रशियाची. चंद्रावतीकडून सोलकढी शिकलेली, सगुणला काका म्हणणारी. तिचा एकुलता एक आंतोन रशियाच्या फौजेत होता. दोन्ही आया एकाच विहिरीवर कपडे धूत आणि मुलांचा विषय तेवढा टाळत.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी टीव्हीवर बातमी आली. पोलंडच्या सीमेवरच्या गावात रशियाचं क्षेपणास्त्र पडून दोन माणसं मेली होती, तीही धान्याच्या कोठाराशी. निवेदक घसा फोडून सांगत होता, की आता नाटो उतरणार, मग अणुबॉम्बला किती वेळ? सगुणने शंभूला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. नेमकी त्याच सकाळी जत्रेची बोलणी करायला मंडळी देवळात जमणार होती. सगुण तसाच उठून गेला.

नेहमीचं गाऱ्हाणं त्याने पुरं केलं. मग जरा थांबला, आणि त्याचा आवाज चढला.

"बा देवा म्हाराजा! जेणी ही आग टाकली, तेंच्या घरात दिवो लावूक झील उरू नये रे म्हाराजा!"

शंभूला सगळ्यांनी अंगणात रांगताना पाहिलं होतं. कोणाचा झील, कोणाचा मुलगा, याचा कोणी विचार केला नाही. "व्हय म्हाराजा!" असं सारे एकदिलाने गरजले.

दुपारी शंभूचा फोन आला. धडधाकट होता, फोनची बॅटरी उतरली होती, एवढंच. "बाबा, राती आमी कोण निजलो नाय. लोकांनी गाडयेत सामान भरून ठेवलेला." संध्याकाळी त्याने पुन्हा फोन केला. ते क्षेपणास्त्र रशियाचं नसावं, रशियाचा मारा अडवायला युक्रेनने सोडलेलंच भरकटून पडलं असावं, असं आता मोठी माणसं सांगत होती. "रागाच्या भरात कोणी बटण दाबला आसता, तर आज तुमच्याशी बोलूक मी नसतंय."

सगुणने फोन खाली ठेवला. चंद्रावतीला देवळातलं सगळं कळलं होतं. ती मागच्या खोलीकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "तुमी कोणाचो दिवो विझवलास, समाजता मां?"

समजत होतं. चांगलंच समजत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. दूरदेशीच्या सेनापतींनी जे रात्रभर हात आवरून टाळलं, ते त्याने कोरगावात बसून एका दमात केलं होतं, आणि वर गावालाही त्यात ओढलं होतं.

असं गाऱ्हाणं परत घेता येतं, पण फुकट नाही. चूक चारचौघांत कबूल करायची आणि मानाचा नारळ सोडायचा. मग मान चुलतघरी जातो. चुलतभाऊ धाकूशी सगुणचं पंधरा वर्षं बोलणं नव्हतं, तेही याच मानावरून.

दुसऱ्या दिवशी त्याने मंडळींना बोलावलं. "कोणी टाकला तां न बघता मी वायट मागलंय. गावाचो तेच्यात काय दोष नाय. माझा मागणा माघारी घे रे म्हाराजा, आणि शिक्षा काय ती माका दी."

कोणी होकार देईना. माघार घेतली तर देवाचा कोप शंभूवर उलटेल, या भीतीने माणसं खाली बघत राहिली. सगुणने तेच पुन्हा म्हटलं. शेवटी होकार दिला धाकूने, आणि मग बाकीच्यांनी. सगुणने नारळ धाकूच्या हातात दिला. धाकूने मान वर करून त्याच्याकडे पाहिलंही नाही.

घरी येऊन तो सरळ मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला. चंद्रावती नको नको म्हणत होती, तरी मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने लुदमिलाला सारं सांगून टाकलं: तुझ्या मुलाचं वाईट मागितलं होतं, आता परत घेतलं, मला माफ कर.

मग तिने विचारलं, "कधी मागितलं?"

"काल सकाळी."

तिने बोटांवर दिवस मोजले. आंतोनचा फोन बारा दिवसांपासून, म्हणजे त्या मागण्याच्या कितीतरी आधीपासूनच, बंद होता. तिने कोणाला सांगितलं नव्हतं, सांगणार तरी कोणाला? मग काकांकडे बघत ती म्हणाली, आता एक चांगलं गाऱ्हाणं घाला. त्याच्यासाठी.

ज्याच्याजवळ ते घालायचा अधिकार होता तो सगुण तासाभरापूर्वीच संपला होता. त्याने पायांत चपला सरकवल्या आणि भर उन्हात चुलतघराची वाट धरली. धाकू पडवीत विडी ओढत बसला होता. सगुण अंगणातच थांबला आणि त्याने हात जोडले.

"धाकू," तो म्हणाला, "एका पोराचा गाऱ्हाणा घालूचा आसा."