रिकामं करून मोजलेलं घर

सिंगापूरमध्ये पोस्टडॉक करत होते, तेव्हा क्लेमेंटीत एका फ्लॅटमधल्या खोलीत राहायचे. लेझरनं इमारती मोजून कॉम्प्युटरवर त्यांची हुबेहूब प्रतिकृती तयार करणं हे माझं काम. ओळखीच्या एका चिनी गृहस्थांनी मला त्यांचं घर मोजायला बोलावलं. त्यांच्या वडिलांनी साठच्या दशकात बांधलेलं. मध्यभागाकडे उतरत येणारं छप्पर, मोझेकचा जिना, आणि एक अख्खी भिंत सिमेंटच्या जाळीची. दुपारी जाळीची सावली जमिनीवर पडली की मला पाय टाकवत नसे.

त्यांना ते विकायचं होतं. तिथं एकट्या राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या बहिणीला नव्हतं. विकलं की पाडणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मोजताना कुणी मध्ये आलं की चित्र बिघडतं. म्हणून मी सामान हलवायला लावलं आणि त्या बहिणीला, म्हणजे आंटींना, म्हटलं, "तुम्ही जरा फाटकाबाहेर थांबता का?" त्या छत्री घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या. रोज.

काम झाल्यावर त्यांच्या डोळ्यांवर मी घराच्या प्रतिकृतीत फिरवणारा व्हीआरचा चष्मा चढवला. त्या जिन्यापाशी पोचल्या आणि कठड्यासाठी हात पुढे केला. हवेतच राहिला तो.

"सगळं आहे यात?"

"सगळं, आंटी. एक भेगसुद्धा सुटलेली नाही." अभिमानानं सांगितलं मी.

त्याच आठवड्यात त्यांनी विक्रीला होकार दिला. भाऊ फोनवर म्हणाले, "तुझ्यामुळे जमलं." मी थँक्यू म्हणाले!

घर पाडल्यावर आंटींना भेटायला हौगांगला गेले. नवा फ्लॅट स्वच्छ होता. मी दिलेला चष्मा खोक्यातच होता.

"बघत नाही का, आंटी?"

"एकदा बघितलं. सगळ्या खोल्या फिरले. कुणीच नाही तिथं. मीसुद्धा नाही." मग हसून म्हणाल्या, "तूच बाहेर उभं केलं होतंस ना मला."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. सॉरी म्हणायला तोंड उघडलं, पण त्या चहा करायला उठल्या होत्या.

पुढे बरेच शनिवार मी जात राहिले. स्वयंपाकघरात कोण कुठं बसायचं, जिन्यावरून कोण पडलं, ते त्या सांगायच्या आणि मी रेकॉर्ड करायचे. ते त्यांच्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.