अळणी पाणी

पाचोडकडची आवडाबाई मेंढरं विकून नवऱ्यासोबत शहरात, गारखेड्यात आली आणि चार घरची धुणीभांडी करू लागली. पुढं ती कामं सोडून दिवसभर योगिनीच्या घरी राहू लागली; तिथं तिचं काम एकच, योगिनीच्या लेकीला, श्रेयाला सांभाळणं. पोर तीन महिन्यांची होती तेव्हापासून, आता अडीच वर्षांची झाली. मुक्या मेंढराच्या डोळ्यांत बघून दुखणं ओळखणारी बाई. तिच्या जिवावर योगिनी कॉलेजात निर्धास्त शिकवायची.

त्या सकाळी श्रेयाला जुलाब लागले. नेमकी प्रात्यक्षिक परीक्षा होती. योगिनीनं मीठ-साखरेच्या तयार पुड्या आणून दिल्या, पाणी मोजून दाखवलं, नि गेली. दोनदा फोन केला.

"व्हय ताई, पुडीचंच पाजतेय. वाटीवर वाटी. तुमी नका काळजी करू."

संध्याकाळी येऊन बघते तर पोरीचे डोळे खोल गेलेले, रडताना डोळ्याला टिपूस नाही. योगिनीनं वाटीतलं पाणी चाखलं. नुसतं गोड. चारही पुड्या ओट्यावर तशाच, न फोडलेल्या.

"मावशी, हे काय?"

"म्हसोबाला बोललेय मी. पोरगी बरी होईस्तोवर दोघींनी अळणी ऱ्हायचं. मी बी सकाळपासून मीठ तोंडाला लावलं नाय."

बारावीला योगिनी दरवर्षी हेच शिकवायची. आतड्यातल्या पेशींच्या पडद्यात प्रथिनांची दारं असतात. मिठातलं सोडियम सोबत असल्याशिवाय हे दार साखरेला आत घेत नाही. दोघं येऊन चिकटली की प्रथिन आकार बदलतं, बाहेरून मिटतं, आतून उघडतं. मग त्यांच्यामागं पाणी शरीरात शिरतं. तिची लेक दिवसभर पाणी पीत होती आणि ते तसंच वाहून जात होतं.

दवाखान्यात सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी श्रेयाला एकदाची लघवी झाली, म्हणजे अंगात पाणी टिकलं, तेव्हा कुठं योगिनी रडली. बाहेर बाकावर आवडाबाई बसून होती.

"लेकराच्या भल्यासाठीच केलं, ताई."

"नवसाचं नाही म्हणत मी. फोनवर खोटं का बोललात?"

"खरं सांगितलं असतं तर करू दिलं असतं?"

"नसतंच दिलं!"

"मग?"

आतून श्रेया आवडाबाईलाच हाका मारत होती. आवडाबाईनं पदराची गाठ सोडून योगिनीच्या घराची चावी बाकावर ठेवली. 'राहू द्या' म्हणणं योगिनीला जमलं नाही. तिनं चावी उचलली आणि पर्समध्ये टाकली.