तळापर्यंत पोहोचणारं नाव

पडदा वर जातो तेव्हा समोर दगडाची खाण. शंभर हात खोल, तिन्ही बाजूंना सरळ कापलेले कडे, सगळ्यावर पांढरी धूळ. काठाला लोखंडी कठडा आणि कठड्याला रेलून उभा एक म्हातारा. छाती पिंपासारखी, मान जवळजवळ नाहीच. सकाळचे नऊ वाजलेत, यंत्रं अजून सुरू व्हायचीत आणि वारा पार पडलाय. म्हाताऱ्याला आज नेमका वारा हवा होता.

वस्ती त्याला भोंगा म्हणायची. खाणीत खरा भोंगाही होता, पण ड्रिल चालवून चालवून कान बधिरलेल्या माणसांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. स्वतःचं नाव मात्र माणसाला कुठूनही ऐकू येतं. म्हणून सुरुंगाआधी हा काठावरून एकेकाला पुकारायचा. हाक ऐकली की तो माणूस वर निघायचा, मग पुढचं नाव. यादी संपली की लाल निशाण खाली, आणि मग धडाका. बत्तीस वर्षं त्याच्या घशावर माणसं जेवायला घरी परतत होती.

त्यातूनच वस्तीची रीत पडली. मुलगा झाला की नाव ठेवण्याआधी आईबाप ते नाव घेऊन भोंग्याकडे यायचे. तो काठावरून एकदा हाक द्यायचा. तळाशी सुरुंगवाला उभा असायचा, ऐकू आलं तर हात वर करायचा. शेवटी 'आ' असलेलं नाव दगडासारखं थेट तळाला जायचं. 'ई' वाऱ्यावर विरायची. 'ऊ' ओठांतून निघायलाच कुरकुरायचा. त्यामुळे वस्तीतले यच्चयावत पोरगे 'आ'वाले. "मी हजेरी घेतोय की डॉक्टरला घसा दाखवतोय," शाळेचे मास्तर म्हणायचे, "माझं मलाच कळत नाही!"

अपवाद एकच, भोंग्याचा स्वतःचा मुलगा. त्याच्या नावाच्या शेवटी 'ऊ' होता. भोंग्याच्या बायकोने, म्हातारीने, हट्टाने ठेवलेलं ते नाव. "मला माझ्या लेकराला घरात बोलवायचंय, खड्ड्यातून नाही. त्या खड्ड्याने एकदा नाव ऐकलं की तो विसरत नाही." पण पोटासाठी पोरगा शेवटी तिथेच उतरला. सात महिन्यांपूर्वी सुरुंग उडाला तेव्हा तो तळाशी होता. चौकशीला साहेब आले, तर वस्तीनेच सांगून टाकलं, हाक पोहोचली नाही, नावच तसलं. भोंगा खाली मान घालून बसून राहिला. सगळ्यांना वाटलं, दुःखाने.

आणि आज सून दोन महिन्यांचं बाळ घेऊन काठावर आली होती. मागे अर्धी वस्ती.

"काय ठरवलंस?" भोंग्याने विचारलं.

"त्याच्या बापाचंच नाव."

मागे कुजबुज उठली. शेजारीण पुढे झाली. "अगं बाई, ज्या नावाने बापाला गिळलं तेच लेकराच्या गळ्यात? शेवटी 'आ' असलेली शंभर नावं पडलीत की!"

"सगळ्यांची पारखून होतात, याचंही होऊ दे," सून म्हणाली. "नाही पोहोचलं तर तुम्ही म्हणाल ते ठेवीन. बाबा, द्या हाक."

भोंग्याने कठडा घट्ट धरला. 

त्याला एकट्यालाच माहीत होतं. मुलगा कामाला लागला त्या पहिल्या दिवशी ती हाक ऐकून काठावरचे गडी फिदीफिदी हसले होते. "भोंग्या, पाळण्यातल्या बाळाला बोलावतोस काय रे?" त्या रात्री बापलेकांनी गुपचूप ठरवलं. मुलाचं नाव यादीत शेवटचं, त्याच्या आधी ड्रिलवाला. ड्रिलवाल्याचं नाव पुकारलं की मुलाने आपलं आपण वर निघायचं. त्यानंतर भोंगा नुसते ओठ हलवायचा; काठावरचे गडी तोवर आडोशाला गेलेले असायचे. चार वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग एक दिवस ड्रिलवाला तापाने घरी राहिला. त्याचं नाव यादीतून गळलं. भोंग्याने सवयीने ओठ हलवले आणि निशाण खाली केलं.

आताही वाट मोकळी होती. अर्ध्या छातीने हाक द्यायची. सुरुंगवाल्याचा हात वर जाणार नाही, दोष नावाचाच राहील, बाळाला एखादं 'आ'वालं नाव मिळेल. कुणाचं काय बिघडणार होतं?

खाली खाण आ वासून बसली होती. बाळाने जांभई दिली. भोंग्याने श्वास घेतला, अर्धाच घेणार होता, पण छाती भरत गेली, बरगड्या दुखेपर्यंत भरली, आणि चार वर्षं ओठांत मेलेली ती हाक बाहेर पडली. कड्यावर आपटली, फिरली, तळाला गेली. शेवटचा 'ऊ' कितीतरी वेळ खाली घुमत राहिला.

सुरुंगवाल्याने एक नाही, दोन्ही हात वर केले.

सून तळाकडे बघत राहिली, मग हळूहळू सासऱ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता.

"स्वच्छ पोहोचलं, बाबा," ती म्हणाली. "मग त्या दिवशी का नाही पोहोचलं?"

भोंगा त्यानंतर तीन वर्षं जगला, पण त्या कठड्यापाशी पुन्हा गेला नाही आणि कुणाशी चकार शब्द बोलला नाही. म्हणून त्याचं शेवटचं बोलणं वस्तीला अजून पाठ आहे. बाळाच्या डोक्यावर हात ठेवून, एवढ्या मोठ्या आवाजाचा तो माणूस अगदी हळू म्हणाला,

"नावाला बोल लावू नकोस, पोरी. मी त्याला हाकच मारली नव्हती."