बांधीतल्या मातीचा गोळा

दिघोरी गावातला गहू माझ्यामुळे पिकला, असं मी कृषी खात्याच्या अहवालात लिहिलं. ते खोटं आहे. तो एका म्हाताऱ्याने पिकवला.

धान कापल्यावर तो बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, मातीचा गोळा करून कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकायचा. गोळा फुटला, म्हणजे ओल कमी झाली, तरच गहू पेरायचा.

"धान पाण्यात उभा रायते साहेब, गहू गुदमरते."

मी हसलो आणि गावाला ओल्यातच पेरायला लावलं. सगळ्यांचं बी कुजलं. थांबून पेरलेला त्याचाच गहू उभा राहिला.

पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी त्याला विचारलं, "कोणी शिकवलं?" माझी नोकरी त्याच्या उत्तरावर अवलंबून होती.

"या साहेबायनंच," तो म्हणाला.

नंतर मी कारण विचारलं.

"तुमी गेले त दुसरा साहेब येईन. त्याले शिकवाले आमचं आणखी एक साल जाईन."