वाढत्या अंगाचं

अड्याळच्या मालनबाईंच्या लोखंडी पेटीत नातवाचे शर्ट होते, एकदाही न घातलेले. मुलगा प्रफुल्ल इंग्लंडात नोकरीला. "यंदा येतो" म्हणाला की सत्तरीतल्या बाई बाजार गाठायच्या आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे दोन नंबर मोठा, वाढत्या अंगाचा शर्ट घ्यायच्या. प्रफुल्लचं येणं लांबायचं. नातू सुगत तिकडे वाढायचा, शर्ट इकडे पेटीतच लहान व्हायचा. घरात बोलायला दुसरं कोणी नाही, म्हणून बाई कधी कधी त्या शर्टांवरच चिडायच्या.

यंदा तिकिटं खरोखरच निघाली. सुगतला व्हिडिओ गेम आवडतात हे फोनवर कळलं, तशा बाई भंडाऱ्याला धर्मेंद्रच्या दुकानात हजर. तो परदेशातून आलेले जुने गेम विकायचा. त्यानं एकाच गेमचे तीन डबे मांडले. चित्र तेच; पण एकावर १८, दुसऱ्यावर १६, तिसऱ्यावर नुसतं इंग्रजी अक्षर.

"खेळ एकच, मंग नंबर अलग काहून?"

"वयाचा आकडा हाये, काकू. देशादेशाचा अलग रायते. जर्मनीचा सोळा, इंग्लंडचा अठरा. अमेरिकावाले अक्षर लावतेत. नातू कुठं रायते?"

"इंग्लंडात."

"मंग हा घ्या, अठराचा."

नातू केवढा, हे काही त्या शहाण्यानं विचारलं नाही. बाई मात्र खूश. सुगत दहाचा. अठरा म्हणजे चांगला ऐसपैस; आता पोरगं कधीही येवो, लहान पडायची बातच नाही!

बापलेक आले, दोन दिवसांसाठी. बाईंनी डबा पुढे केला. सुगतचे डोळे चमकले, पण प्रफुल्लनं डबा उचलून घेतला.

"आई, हा अठराच्या वरच्यांसाठी हाये. मारामारी, रक्त. तिकडं दुकानदार भी लहान पोराले विकत नाही."

"मले वाटलं, वाढत्या अंगाचा घ्यावा," बाई म्हणाल्या.

प्रफुल्ल पोट धरून हसला. बाईही हसल्या, पण मनातून फार लाजल्या. एवढं मोठं घेऊनही माप चुकलंच होतं.

निघताना सुगत त्यांच्या कानाशी आला. "आजी, ठेवून दे. अठराचा झालो की घ्यायला येईन."

गाडी गेली. बाईंनी पेटी उघडून डबा शर्टांवर ठेवला. हा काही लहान होणार नव्हता. त्यांनी त्यावरून हात फिरवला.

"तू तं थांबशील रे बाबू," त्या डब्याला म्हणाल्या, "माह्यं काय?"